सुरक्षा अधिकारी (कारखाना)

सुरक्षा अधिकारी हा कारखान्यातील अपघात व व्यवसायजन्य रोग टाळण्यासाठी व्यवस्थापनास साहाय्य करणारा वैधानिक अधिकारी होय. पहारा देणाऱ्या सुरक्षारक्षकाशी या पदाचा संबंध नाही. दोन्हींसाठी ‘सुरक्षा’ हाच शब्द रूढ असल्याने गोंधळ मात्र होतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात हे पद मुळात नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ४०-ब आले आणि एक हजार किंवा अधिक कामगारांच्या, तसेच राज्य शासनाच्या मते धोकादायक असलेल्या कारखान्यांत नेमणुकीची तरतूद झाली. महाराष्ट्राचे नियम १९८२ चे आहेत. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. २०२० च्या संहितेने कामगारसंख्येची मर्यादा पाचशेवर, धोकादायक प्रक्रियेसाठी अडीचशेवर आणली.

टाकीत उतरण्यापूर्वी तेथील प्राणवायू तपासला गेला आहे का, वेल्डिंगचा परवाना घेतला आहे का, हे पाहणे त्याच्या नित्य कामात मोडते. तथापि त्याची भूमिका सल्लागाराची असते. कायदेशीर जबाबदारी भोगवटादाराची असते आणि अधिकाऱ्याचे वेतनही तोच देतो. उत्पादन थांबवण्याचा सल्ला देताना ही स्थिती अवघड ठरते. म्हणूनच त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्यावा व कर्तव्याशी विसंगत कामे देऊ नयेत, असा दंडक आहे.

वाशीलगतच्या ठाणे–बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने असल्याने तेथे या पदाला विशेष महत्त्व आहे. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय जवळच बेलापूरला आहे. पदासाठी लागणारी औद्योगिक सुरक्षेची पदविका मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत घेता येते.