फिलाडेल्फियाचा राजा : बार्ट किंग

अमेरिकेत क्रिकेटचा विषय काढला की ऑफिसातली गोरी मंडळी दोनच प्रश्न विचारतात. "तो पाच दिवस चालणारा खेळ ना?" आणि "त्यात चहाची सुट्टी असते म्हणे?" आपण कौतुकाने एलबीडब्ल्यू समजावून सांगायला लागलो की तिसऱ्या वाक्याला समोरच्याचा चेहरा कोरा होतो. त्यामुळे आपला असा पक्का समज होतो की क्रिकेट या देशात आपणच आणलं: एच-१ व्हिसावर, बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी बॅट घालून!

प्रत्यक्षात जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना झाला तो १८४४ साली, न्यूयॉर्कमध्ये, अमेरिका विरुद्ध कॅनडा असा. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची पहिली कसोटी त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८७७ मध्ये. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फिया शहरात क्रिकेट इतकं रुजलं होतं की तिथल्या क्लबांचा निवडक संघ इंग्लिश कौंट्यांशी बरोबरीने खेळत असे. त्या संघातला सर्वात मोठा खेळाडू म्हणजे जॉन बार्टन किंग, ऊर्फ बार्ट किंग. आजची गोष्ट त्याची.

किंगचा जन्म फिलाडेल्फियाचाच, १९ ऑक्टोबर १८७३ चा. घर खाऊनपिऊन सुखी, लिननच्या कापडाच्या व्यापारातलं. पण फिलाडेल्फियाच्या क्रिकेटवर ज्या जुन्या, गडगंज घराण्यांचा पगडा होता त्यांतलं नव्हे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पोरगा आधी गल्लीतल्या इतर अमेरिकन पोरांसारखा बेसबॉल खेळायचा. मग टायोगा क्रिकेट क्लबमध्ये गेला. उंची सहा फुटांच्या वर, खांदे मजबूत, मनगट लवचिक. म्हणून हातात चेंडू मिळाला.

१८९३ साली इंग्लंडचा दौरा आटोपून ऑस्ट्रेलियाचा संघ घरी जाता जाता अमेरिकेत उतरला. यांना वाटलं असेल, चला, जरा हवापालट होईल. फिलाडेल्फियाने त्यांच्यापुढे ५२५ धावा ठोकल्या. ऑस्ट्रेलिया १९९ आणि २५८. एक डाव आणि ६८ धावांनी पराभव! पहिल्या डावात पाच बळी घेतले ते एकोणीस वर्षांच्या किंगने. फलंदाजीला मात्र तो अकराव्या नंबरवर आला होता. तिथून पुढे तेरा वर्षांत हा माणूस कुठे पोचला ते आता पाहू.

१८९७ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ इंग्लंडला गेला. ब्राइटनजवळ होव्हच्या मैदानावर ससेक्सशी सामना. ससेक्सकडून खेळत होते आपले रणजी, आणि त्या काळात रणजींची बॅट म्हणजे इंग्लंडमध्ये चमत्काराचा विषय. किंगने पहिल्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडवला. ससेक्सचा अख्खा डाव ४६ धावांत आटोपला. किंगचे आकडे: १३ धावांत ७ बळी. सामना फिलाडेल्फियाने आठ गडी राखून जिंकला.

किंगचं खास अस्त्र होतं त्याचा 'अँगलर'. बेसबॉलच्या पिचरसारखा चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन तो धावत यायचा. चेंडू सरळ येतोय असं वाटत असतानाच शेवटच्या काही फुटांत झपकन उजव्या फलंदाजाच्या आत वळायचा. आज आपण याला लेट इनस्विंग म्हणतो आणि वसीम, वकारची नावं घेतो. त्या काळी नवा चेंडू हवेत वळतो हे माहीत होतं, पण तो हवा तेव्हा, हवा तिकडे, इतक्या उशिरा वळवणारे विरळा. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता फलंदाजापर्यंत जातो, म्हणजे फसवायचं ते हवेतच. लहानपणी त्या खेळाने बोटांना जे शिकवलं ते किंगने क्रिकेटच्या चेंडूवर वापरलं. शिवाय हुशारी अशी की अँगलर तो सारखा टाकत नसे. चांगला फलंदाज समोर आला की मगच पोतडीतून काढायचा.

दरम्यान फलंदाजीही वाढत होती. १९०३ च्या दौऱ्यात लँकाशायरविरुद्ध एका डावात ९ बळी. त्याच दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध ९८ आणि नाबाद ११३, वर सामन्यात सहा बळी. म्हणजे एकट्याने सामना खिशात घालणं काय असतं ते बघा! घरच्या क्लब क्रिकेटमध्ये १९०५ साली ३१५, आणि १९०६ साली बेलमाँट क्लबकडून ३४४. अकराव्या नंबरपासून ३४४ पर्यंत.

मग १९०८. किंगचं वय चौतीस, वेगवान गोलंदाजाच्या दृष्टीने उतरणीचं. त्या इंग्लिश मोसमात त्याने ८७ बळी घेतले, सरासरी ११.०१. सबंध इंग्लंडच्या गोलंदाजीच्या सरासरीत पहिला नंबर एका अमेरिकन माणसाचा! त्याहून कमी सरासरीने तिथे पहिला यायला कुणाला तरी १९५८ साल उजाडावं लागलं. डर्बीशायरच्या लेस जॅक्सनने तेव्हा १०.९९ काढली. म्हणजे पन्नास वर्षं, आणि फरक दोन शतांश धावांचा.

१९०९ मध्ये आयर्लंडचा संघ फिलाडेल्फियाला आला. किंगने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, ५३ धावांत. गंमत म्हणजे जो अकरावा फलंदाज नाबाद राहिला त्याचाही त्रिफळा किंगने उडवलाच होता, पण पंचांनी तो नो-बॉल दिला!

अशा माणसाभोवती दंतकथा जमणारच. एक तो स्वतःच रंगवून सांगत असे. ट्रेंटन गावाच्या संघाचे नऊ गडी बाद झाले होते. गाडी चुकल्यामुळे उशिरा आलेला त्यांचा कप्तान शेवटी बॅट घेऊन येता येता म्हणाला, मी वेळेवर आलो असतो तर ही वेळ आली नसती. किंगने सगळ्या क्षेत्ररक्षकांना, यष्टिरक्षकासकट, पॅव्हेलियनमध्ये पाठवून दिलं. मग थोडा विचार करून एकाला परत बोलावलं आणि यष्ट्यांच्या मागे वीस पावलांवर, लेगला जरा सरकवून उभं केलं. का? तर त्रिफळा उडाल्यावर चेंडू उचलून पंचांना द्यायला कुणीतरी हवं! पुढे काय झालं ते सांगायला नकोच. खरं-खोटं किंग जाणे, पण त्याचे आकडे पाहिले की गोष्ट अशक्य वाटत नाही.

१९१२ साली ऑस्ट्रेलियाचा संघ पुन्हा आला आणि फिलाडेल्फियाने त्यांना पुन्हा हरवलं, दोन धावांनी. किंग अडतीस वर्षांचा होता आणि तेव्हाही बळी घेत होता. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाचा संघ शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळला. किंगचा हिशोब: प्रथम श्रेणीच्या ६५ सामन्यांत ४१५ बळी, सरासरी १५.६६, आणि दोन हजारांवर धावा. कसोट्या: शून्य.

का? दोन दारं बंद होती. पहिलं लंडनमधलं. १९०९ मध्ये लॉर्ड्सवर इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स स्थापन झाली: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. नावातच 'इम्पीरियल', म्हणजे साम्राज्याबाहेरच्यांनी यायचं कारणच नव्हतं. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये सर्वात भारी ठरलेला गोलंदाज ज्या देशाचा, तो देश यादीतच नाही.

दुसरं दार फिलाडेल्फियातलंच. तिथले क्लब म्हणजे प्रतिष्ठितांची ठिकाणं, खेळ हौशी, पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं. बेसबॉल मात्र तिकीट लावून, पगार देऊन, गिरणीतल्या पोरालाही आत घेत होता. किंगला पोटासाठी नोकरी करणं भाग होतं. खेळायला मोकळा वेळ मिळावा म्हणून त्याला विम्याच्या धंद्यात जागा करून दिली गेली, असं सांगतात. एका किंगची सोय झाली. पण हातात चेंडू वळवायची कला असलेली बाकीची पोरं सरळ बेसबॉलकडे गेली. क्लबांतली श्रीमंत पोरं टेनिस आणि गोल्फकडे वळली. मेरियन, जर्मनटाउन हे 'क्रिकेट क्लब' पुढे टेनिससाठीच जास्त प्रसिद्ध झाले.

इथे मला पुण्याचे पी. बाळू आठवतात. किंगपेक्षा तीनच वर्षांनी लहान. जातीमुळे चहादेखील मैदानाबाहेर वेगळ्या भांड्यातून प्यावा लागलेले, आणि तरी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे बाळू. आपल्याकडचं दार काही कमी जड नव्हतं. पण बाळूंना निदान जिंकण्याच्या गरजेपोटी फटीतून आत घ्यावं लागलं, मग भाऊ विठ्ठल आले, आणि खेळ हळूहळू जिमखान्यातून मैदानातल्या गर्दीत उतरला. फिलाडेल्फियात तो जिमखान्यातच राहिला, आणि तिथेच थकून झोपला.

किंग १७ ऑक्टोबर १९६५ ला वारला, ब्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. त्याच वर्षी कॉन्फरन्सने 'इम्पीरियल' काढून 'इंटरनॅशनल' शब्द लावला आणि अमेरिकेला सहसदस्य करून घेतलं. किंगच्या मोठ्या मोसमानंतर सत्तावन्न वर्षांनी!

जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकात डॅलसजवळ अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, आणि पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आपल्या सगळ्यांची छाती फुगली, फुगायलाच हवी. फक्त पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अमेरिकेला पहिल्यांदाच क्रिकेट समजायला लागलंय, तर त्याला एवढंच सांगा, की बाबा रे, इथल्या एका माणसाने रणजींना पहिल्या चेंडूवर बोल्ड काढलं होतं.