‘कंडम’ बंदुकीची पारख : वऱ्हाडच्या शस्त्रेतिहासाचे एक अंग

मराठीत ‘कंडम’ हा शब्द आज मोडक्या खुर्चीपासून जुन्या मोटारीपर्यंत कोणत्याही टाकाऊ वस्तूला लागतो. इंग्रजी ‘कंडेम्ड’चे हे रूप सरकारी व लष्करी कोठारांतून बोलीत उतरले असावे, असे मानण्यास जागा आहे. कोठाराच्या परिभाषेत मात्र त्याचा अर्थ मर्यादित होता. अमुक वस्तू यापुढे सेवेत ठेवावयाची नाही, एवढाच निर्णय त्यातून व्यक्त होई. वस्तू झिजली म्हणून जसा हा निर्णय होई, तसाच नवा नमुना आला म्हणूनही होई. निकामी आणि कालबाह्य असे दोन भिन्न पदार्थ अशा रीतीने एकाच शब्दाखाली आले, आणि बोलीने त्यांपैकी पहिला अर्थ तेवढा जवळ केला. सैन्याने टाकलेली, अगर सैन्याच्या नमुन्यावर बेतलेली, स्वस्त रायफल छंदाच्या नेमबाजीसाठी कितपत चांगली, हे ठरविताना शब्दार्थाचा हा गुंता प्रथम सोडवावा लागतो. वाशीम व त्याभोवतालचा वऱ्हाड यांच्या इतिहासाच्या आधारे तो येथे सोडवून पाहावयाचा आहे.

स्वस्त म्हणजे हलकी, हे समीकरण आपल्याकडे फार जुने नाही. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्यास सँग्स्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात व बंदुका घडविल्या जात. बंदुकीचा खर्च नगास १० रुपयांच्या घरात पडे. शिंद्यांच्या कारखान्यांतील मालाच्या गुणाविषयीची साक्ष शत्रूकडूनच मिळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत हाती आलेल्या तोफांपैकी पितळी तोफा आपल्या सैन्याच्या कामी येण्याजोग्या आहेत, असा निर्वाळा वेलस्लीने दिला. त्यानंतर २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे, व १५ डिसेंबरला गाविलगडावर या युद्धाचा निकाल लागला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख निजामाकडे गेला आणि वऱ्हाडातील दुअंमल संपला. हा पराभव हत्याराच्या हलकेपणामुळे झाला, असे म्हणावयास निदान उपलब्ध साक्ष अनुकूल नाही. फौजेचे नेतृत्व, युद्धाच्या तोंडावर शिंद्यांची चाकरी सोडून गेलेले युरोपियन अंमलदार आणि भोसले-शिंदे यांच्यातील विसंवाद ही कारणे अधिक भक्कम आहेत.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. योगायोग असा की, त्याच सालाच्या नावाने ओळखली जाणारी एन्फील्ड रायफल त्या सुमारास इंग्रजी सैन्यात येत होती. ०.५७७ इंच व्यासाच्या तिच्या नळीत तीन मळसूत्री खाचा असत. त्या खाचांमुळे गोळीला फिरकी मिळे व नेम लांबवर टिके. १८५७ च्या उठावानंतर सरकारने जे केले ते या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हिंदी शिपायांसाठी त्याच घाटाची बंदूक तयार करण्यात आली. परंतु तिची नळी ०.६५६ इंचापर्यंत रुंद व आतून गुळगुळीत होती, आणि मागची अंतरदर्शक शिस्त काढून तेथे साधा ठोकळा बसविलेला होता. लाकूड, कळ, पट्टे, सर्व बाह्यरूप रायफलचे. आतील गुण मात्र मागच्या पिढीच्या मस्केटचा. ही कारागिराची चूक नव्हती. नळी जाणूनबुजून अशी केली होती. पुढील काळातही गोऱ्या पलटणींना नवा नमुना व हिंदी पलटणींना त्यामागचा, हा क्रम दीर्घकाळ चालू राहिला. विसाव्या शतकात ईशापूरच्या कारखान्यात .३०३ ली-एन्फील्ड रायफली .४१० व्यासाच्या गुळगुळीत नळीच्या, एकेक काडतूस भरावयाच्या मस्केटांत रूपांतरित करण्यात आल्या व त्या पोलीस-पहाऱ्यास दिल्या गेल्या. त्याही दिसावयास रायफलीच.

येथे भाषेचा पुरावा जोडावासा वाटतो. मराठीत बंदुकीचे प्रकार सांगणारे शब्द पाहिले तर ते दोनच तत्त्वांवर बनलेले दिसतात. एक, बार कसा पेटतो : तोड्याची, चकमकीची, टोपीची. दुसरे, दारू कशी भरतात : कोकणात व देशावर ‘ठासणीची’, विदर्भात ‘भरमार’, आणि नंतर काडतुसाची. बंदुकीच्या अवयवांनाही आपल्याकडे घरचे झालेले शब्द आहेत : नळी, दस्ता, चाप, घोडा, गज, आणि नेम धरावयाची माशी. पण नळीच्या आत खाचा आहेत की नाहीत, या भेदाला बोलीत स्वतंत्र नाव रुळले नाही. त्यासाठी ‘रायफल’ हा इंग्रजी शब्दच घ्यावा लागला, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ खाचा पाडणे हाच आहे. मराठी कारागिराला वा शिकाऱ्याला हा भेद कळत नव्हता, असा याचा अर्थ मी करीत नाही. खाचांची नळी सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येऊ दिली गेली; जी वस्तू घरात नाही तिला घरचे नाव पडत नाही. ‘काडतूस’ आणि ‘लिलाव’ हे शब्द पोर्तुगिजांकडून येऊन मराठी झाले, कारण ते व्यवहार येथे रोजचे होते.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने परवाना आवश्यक केला, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. शेताच्या राखणीसाठी खेडुताच्या हाती आली ती बहुधा भरमार. टाकाऊ लष्करी रायफल येथील नागरिकाच्या हाती पडू नये, याची चिंता सरकारला किती होती, हे १९०७ च्या बंदीवरून दिसते. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून .४५० व्यासाच्या रायफली हिंदुस्थान व सुदान येथे आणण्यास मज्जाव झाला. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी हाच व्यास वापरणाऱ्या इंग्रज बंदूककारांना त्यामुळे .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढावी लागली. लंडनच्या दुकानांतील अतिमहागड्या बंदुकांचे माप हिंदुस्थानातील कंडम बंदुकीच्या धास्तीने ठरावे, ही इतिहासाची एक मौज आहे.

.३०३ हे सैन्याचे माप असल्याने नागरिकास निषिद्ध राहिले. मग छंदी नेमबाजाच्या वाट्यास काय आले? .३१५ ची स्पोर्टिंग रायफल. प्रथम बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने व पुढे ईशापूरने ती तयार केली. तिची यंत्ररचना ली-एन्फील्डची. काडतूस मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या जुन्या ८ × ५० मिलिमीटर मानलिखर काडतुसाचे भावंड. म्हणजे एका सैन्याची बनावट व दुसऱ्या सैन्याने मागे टाकलेले काडतूस यांचा हा संकर आहे. तो नेमबाजीच्या शास्त्रातून निघाला नाही, निर्बंधाच्या कलमातून निघाला. त्याची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात होत. त्यांच्या तळावर ‘के.एफ.’ ही अक्षरे आढळतात.

अशी रायफल पारखताना पॉलिश व लाकडाचा रंग यांवर वेळ घालवू नये. प्रथम नळी पाहावी. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील क्लोरेटमुळे बारानंतर नळीत क्षार उरतो; तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून सैन्यात नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीत होती. ज्याने नुसते तेल लावून बंदूक खुंटीस टांगली, त्याच्या नळीत एका वऱ्हाडी पावसाळ्यात खड्डे पडलेच म्हणून समजावे. नंतर नळीचे तोंड. दोरी तिरकी ओढून साफसफाई केली असेल तर ते एका बाजूस झिजते, आणि खाचा आत कितीही तीक्ष्ण असल्या तरी गोळी भरकटते. तिसरी गोष्ट बोल्ट. त्यावरील क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर काडतुसाचा तळ व बोल्टचे तोंड यांमधील अंतर गेजने मोजल्याखेरीज बार काढणे धोक्याचे होय. क्रमांक जुळत नाही म्हणून रायफल वाईट ठरत नाही. तिची खात्री उरत नाही, एवढेच.

लाकडाविषयी एक स्थानिक गोष्ट सांगितली पाहिजे. ली-एन्फील्डचा दस्ता व पुढचे लाकूड हे दोन वेगळे तुकडे असतात, आणि नेमाची स्थिरता पुढच्या लाकडाच्या बैठकीवर फार अवलंबून असते. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, पावसात फुगते. ईशापूरच्या कित्येक .३०३ रायफलींच्या पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातलेला आढळतो, तो लाकूड फाटू नये म्हणून. परदेशी संग्राहक त्याला ओबडधोबडपणाची खूण समजतात. मला ती हवामान ओळखणाऱ्या कारागिराची सोय वाटते.

.३१५ रायफलीस मी वाईट म्हणणार नाही. तिच्या चापाची ओढ दोन टप्प्यांची व जड आहे, कामाचा हात ओबडधोबड आहे. पण यंत्ररचना धूळ-चिखलात अडत नाही. लक्ष्यवेधाच्या स्पर्धेसाठी मात्र ती घडविलेलीच नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद संपला, आणि नेमबाजी उरली ती मैदानावर. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती. तिच्या परंपरेतील नेमबाज.२२ च्या सूक्ष्म रायफलीवर घडले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते अशाच जातीच्या रायफलीने. लष्करी वंशाची स्वस्त रायफल या मार्गावर भेटते ती प्रारंभीच, एन.सी.सी.च्या कवायतीत.

‘डी.पी.’ ही अक्षरे तेथे बहुतेक विद्यार्थ्यांनी ऐकलेली असतात. ‘ड्रिल पर्पज’, म्हणजे केवळ कवायतीपुरती, हा त्यांचा अर्थ. अशी रायफल कितीही देखणी असली तरी तिच्यातून बार काढावयाचा नसतो. हा शिक्का खऱ्या अर्थाने निकामीपणाचा आहे. उलट, १९६० नंतरच्या दशकात ईशापूरने ७.६२ मिलिमीटरच्या मापात बनविलेली ‘२ए’ रायफल नमुना बदलल्यामुळे सेवेतून गेली. तिचे अनेक नग अमेरिकेतील बाजारात स्वस्तात विकले गेले, आणि तेथील हौशी नेमबाज ते आजही मैदानावर वापरतात. तीच रायफल येथे सैन्याच्या मापाची म्हणून नागरिकास निषिद्ध आहे.