दलाल कोणाचा माणूस?

‘दलाल’ हा शब्द मराठीत आपण सहसा नाक मुरडूनच उच्चारतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘वाट दाखवणारा’ असा आहे. विम्याचा इतिहास वाचताना माझ्यापुढे सतत एकच प्रश्न उभा राहिला : हा वाट दाखवणारा नेमका कोणाचा माणूस?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल जहाजावर चढवणारा व्यापारी ती काढी. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडी घेणाऱ्याला पैसे मिळत. जहाज बुडाले तर त्याचे पैसेही बुडत. उसनवारी आणि विमा, दोन्ही एकाच कागदात!

लंडनमध्ये मात्र या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहाचा उल्लेख १६८८ पासून सापडतो. जहाजमालकाचा दलाल जोखमीचा तपशील लिहिलेली चिठ्ठी घेऊन धनिकांकडे फिरे. जो तो आपला वाटा लिहून खाली सही करी. ‘अंडररायटर’ हे नाव त्यावरूनच पडले. दलाल जहाजमालकाचा, पण त्याची दलाली विमा उतरवणाऱ्याच्या हप्त्यातून निघे. प्रश्नाचा पीळ इथेच पडला.

१७६६ मध्ये न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांच्यापुढे कार्टर विरुद्ध बोहम हा खटला आला. सुमात्रातील मार्लबरो किल्ला फ्रेंचांनी घेतला होता आणि विमा उतरवणारा पैसे द्यायला नकार देत होता. काही पत्रे दाखवली असती तर त्याने सही केलीच नसती, अशी साक्ष एका दलालाने दिली. ते केवळ त्याचे मत आहे, पुरावा नव्हे, असे मॅन्सफिल्ड म्हणाले. निकाल कार्टरच्या बाजूने लागला. विम्यात दोन्ही पक्षांनी पूर्ण सचोटीने वागावे, हे तत्त्व याच निकालाने रुजवले.

आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो मात्र एजंट, आणि एजंट कंपनीचा माणूस. १९ जानेवारी १९५६ रोजी, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, वटहुकूम निघाला आणि २४५ विमा संस्थांचा आयुर्विम्याचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सरकारी झाला. विकणाराच एक म्हटल्यावर तुलना करून देणाऱ्याला फारसे कामच उरले नाही. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि २००२ च्या नियमांनी परवानाधारक ब्रोकर आला.

या नियमांत जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे. ब्रोकर ग्राहकाचा प्रतिनिधी. त्याने ग्राहकाकडून लेखी अधिकारपत्र घ्यावे, विचारल्यास आपली दलाली सांगावी, आणि स्वतःच्या चुकीपोटी स्वतःचाही विमा उतरवावा. दलाली अजून कंपनीच देते. म्हणूनच ब्रोकर निवडताना मी तीन गोष्टी पाहतो : परवाना चालू आहे का, किती कंपन्यांचे दर समोर ठेवतो आणि दाव्याच्या वेळी कागदपत्रांसाठी कोण धावणार. आपल्या बाजूने आजार, जुनी दुखणी काहीही लपवू नये. सचोटीचे तत्त्व दुहेरी आहे.

हप्ता भरताना सगळेच आपले असतात. घरातला कर्ता गेल्यावर, दावा अडला असताना त्या कुटुंबाच्या बाजूने कोण बोलतो, त्यावरून दलाल कोणाचा माणूस ते ठरते.