चित्ता, गवा आणि गिधाड : राखणं म्हणजे काय?

आजचा विषय आहे आपले पशुपक्षी आणि प्राणिसंग्रहालय. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे आधी शब्दाकडे बघतो. 'प्राणिसंग्रहालय' या शब्दात संग्रह आहे, रक्षण नाही. आपल्याकडे 'योगक्षेम' असा जोडशब्द आहे. योग म्हणजे जे आपल्याकडे नाही ते मिळवणं आणि क्षेम म्हणजे मिळालेलं सांभाळणं. या दोहोंत किती अंतर पडू शकतं, ते आपल्या कोल्हापूरच्या इतिहासात स्पष्ट दिसतं.

पूर्वी दरबारचा शिकारखाना असे. पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा होता. गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० मध्ये त्याचं चित्र काढलं. गेंडा काही दख्खनचा प्राणी नव्हे. पण जितक्या लांबून जनावर आणावं तितका दरबाराचा दबदबा मोठा. ही हौस राजांबरोबर गेली, असं समजू नका. २०१६ मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत आठ पेंग्विन आले, ते थेट सेऊलहून. गर्दी लोटली. त्या गर्दीतल्या किती जणांनी माळढोक पाहिला असेल? तो तर आपल्या सोलापूरच्या नान्नजचा पक्षी.

आता कोल्हापूरकडे येऊ. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक गेलेल्या शाहू महाराजांना चित्त्याकडून होणाऱ्या शिकारीचा मोठा शौक होता. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की टोपी काढून सोडायचं. चित्तेवानांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. चित्त्याला माणसाळवायचं, खाऊ घालायचं, दुखलंखुपलं बघायचं. प्रेमात काही कमी नव्हतं हो! पण चित्ता कैदेत विणत नसे. अकबराने हजारभर चित्ते पाळले असं सांगतात, आणि कैदेत पिल्लं झाल्याची नोंद काय ती जहांगीराच्या काळातली एकच. म्हणजे दरबारात एक चित्ता हवा, तर जंगलातला एक कमी. तिकडे माळ नांगराखाली जात होते, काळवीट घटत होतं. शेवटी देशी चित्ते मिळेनात, तेव्हा १९१८ ते १९४५ या काळात संस्थानिकांनी आफ्रिकेतून दोनशेच्या आसपास चित्ते मागवले. त्यात कोल्हापूर आणि भावनगर पुढे होते. विद्या इथली राहिली आणि जनावर परदेशी झालं. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्रीत तीन चित्ते मारले, आणि १९५२ मध्ये भारतातला चित्ता संपल्याचं जाहीर झालं.

याच संस्थानातलं दाजीपूर बघा. ते राखलं होतं दरबाराच्या शिकारीसाठी. हेतू मारण्याचाच. तरीही तिथला गवा टिकला, कारण राखलं गेलं ते जंगल. १९५८ मध्ये ते राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, पुढे १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून वाढलं. प्रेमाने पाळलेला चित्ता गेला आणि शिकारीसाठी राखलेला गवा राहिला. हेतू चांगला असला की पुरतं, असं मानणाऱ्यांनी या उदाहरणावर जरा थांबावं. अर्थात, गव्यांनी ज्याचं पीक तुडवलं, त्या शेतकऱ्याला हे क्षेम महाग पडतं. तो हिशेबही आपल्या सगळ्यांचा आहे.

मग पिंजरा निरुपयोगीच का? नाही. गिधाडांची गोष्ट ऐका. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण होतं डायक्लोफिनॅक. जनावराला हे वेदनाशामक टोचलं आणि ते मेलं, तर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. हरियाणातल्या पिंजोरला गिधाडं पिंजऱ्यात वाढवली गेली. काम सावकाशीचं, कारण जोडी वर्षाला एकच अंडं घालते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांतली काही आपल्या ताडोबात आणि पेंचमध्ये आणली, मोकळं सोडण्यासाठी. इथे पिंजऱ्याला दार आहे, ते बाहेर उघडतं. पण बाहेर विषारी मढं पडलं असेल, तर दार उघडून काय साधलं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या भागात प्राणिसंग्रहालय असावं की नसावं, यावर वाद घालताना एक प्रश्न आधी विचारा : इथून प्राणी जाणार कुठे? १९९१ पासून आपल्या वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण आहे. पण माळाचं क्षेम कायद्याच्या एका प्रकरणाने होत नाही. टिटवी, चंडोल, धाविक हे आपल्या माळाचे पक्षी, जमिनीवर अंडी घालणारे. त्यांच्या घराला आपण कागदावर 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटलं की ते भरून टाकायला कुणाचीच हरकत नसते.

आणि ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत, त्यांना एक विनंती. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून, आणि किटोप्रोफेन, असिक्लोफिनॅकवर २०२३ पासून बंदी आहे. डॉक्टर सुई भरतील तेव्हा औषधाचं नाव विचारा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. हा एक प्रश्न विचारायला संस्थान लागत नाही आणि पिंजराही लागत नाही.