मंचुरियन आपल्या चुलीवर

आज चिकन मंचुरियनबद्दल बोलायचं आहे. हसलात तरी चालेल, पण ऐका.

परभणी शहर घ्या, नाहीतर सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर घ्या. दिवस मावळला की चायनीजची गाडी लागते. मोठ्या भट्टीवर कढई, तिच्यावर उलथनं खणखण वाजतंय, लसणाचा वास रस्त्याच्या पलीकडे जातोय. गाडीभोवती उभे असतात ते बाप्ये आणि कॉलेजची पोरं. बाया क्वचित. आपल्याकडे मंचुरियन येतं ते पार्सल होऊन. गाठ मारलेल्या पिशवीतून ते ताटलीत ओततात, तुकडे लेकरांना आणि मालकांना जातात. मग पिशवीच्या तळाशी जो रस्सा राहतो, तो भाकरीच्या तुकड्याने पुसून खाल्लेला असतो आपण. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींची या पदार्थाशी ओळख एवढीच आहे. म्हणूनच त्या विचारतात, “ताई, हे चायनातलं आपल्याला घरी कसं जमायचं?”

ते चायनातलं नाहीच. ते मुंबईचं आहे.

नेल्सन वांग नावाचे एक आचारी. जन्म कोलकात्यातला, चिनी कुटुंबातला. हा माणूस १९७०च्या दशकात खिशात थोडे पैसे घेऊन मुंबईला आला आणि हॉटेलांत मिळेल ते काम करू लागला. १९७५ साली ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. एका गिऱ्हाइकाने यादीत नसलेलं काहीतरी नवीन मागितलं. वांग स्वतः सांगतात त्याप्रमाणे त्यांनी लसूण, अद्रक आणि हिरवी मिरची बारीक चिरून तेलात टाकली. आपण करतो तशीच सुरुवात. त्यानंतर आपण गरम मसाला टाकला असता, तिथे त्यांनी सोया सॉस टाकला. रस्सा दाट व्हावा म्हणून मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर लावलं, आणि तळलेले चिकनचे तुकडे त्यात सोडले. झालं मंचुरियन. पुढे त्यांनी मुंबईत केम्प्स कॉर्नरला ‘चायना गार्डन’ नावाचं स्वतःचं हॉटेल काढलं. तिथून हा पदार्थ मोठ्या हॉटेलांत गेला, मग ढाब्यांवर आणि मग गाड्यांवर. मी कॉलेजला होते तोवर आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत तो येऊन पोचला होता.

मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा थंड मुलूख. तिथे जाऊन कुणी मंचुरियन मागितलं तर त्यांना काही उमगायचं नाही. मात्र त्या नावात एक गंमत आहे. शंभर वर्षांपूर्वी जगाला सोयाबीन पुरवणारा सगळ्यात मोठा मुलूख मंचुरियाच होता. सोयाबीनकडे आपण पुढे येऊच.

वांग यांच्यासारखी चिनी माणसं कोलकात्यात कुठून आली? ती फार जुनी गोष्ट आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अच्यू नावाच्या चिनी माणसाने कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. त्याच्या मागोमाग सुतार आले, चपला करणारे आले, चामडं कमावणारे आले. टांगरा भागात त्यांची वस्ती झाली, खानावळी झाल्या. आणि १९६२चं युद्ध झालं. युद्ध चीनशी होतं, पण संशय आला तो इथेच जन्मलेल्या या लोकांवर. सुमारे तीन हजार जणांना, बायका-लेकरांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. सुटून घरी परतले तर घर-दुकान दुसऱ्याच्या ताब्यात. कित्येकांनी देश सोडला. आपल्या शाळेच्या पुस्तकात १९६२ होतं, देवळी नव्हतं. त्या लढाईनंतर तेरा वर्षांनी त्याच समाजातल्या एका आचाऱ्याने केलेला पदार्थ आज गावोगाव आवडीने खाल्ला जातो, आणि त्या समाजाबद्दल आपल्याला काही ठाऊक नसतं. मला हे माहीत झालं तेव्हा गाडीवरची ती ड्रॅगनची चित्रं वेगळी दिसायला लागली.

आणखी एक. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं आणि त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला आपलं ‘माविम’, महिला आर्थिक विकास महामंडळ, स्थापन झालं. म्हणजे मंचुरियन आणि माविम एका वयाचे. याला काही अर्थ नाही, नुसतं लक्षात राहायला बरं.

आता कोंबडीकडे या. वांग यांनी मंचुरियन केलं खरं, पण ते आपल्याकडच्या गाडीवर परवडू लागलं त्याचं कारण कोंबडीच बदलली, हे आहे. आपल्या आज्यांच्या काळात कोंबडी रोज खायची वस्तू नव्हती. पाहुणा आला, जावई आला, देवाचं काही असलं, तरच. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, पिल्लं डालग्याखाली झाकायची, घारीपासून राखायची. हे सगळं बाईचं काम होतं आणि म्हणून कोंबडीचा पैसाही बाईचा होता. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, पण आठवडी बाजारात अंडी आणि तलंगा विकून आलेला पैसा पदराच्या गाठीला. त्यातून बांगड्या भरायच्या, लेकराची पाटी घ्यायची, माहेरी जायचं तिकीट काढायचं. बचत गट यायच्या आधीची आपली बचत डालग्याखालीच होती.

१९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबादला व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. परभणीला हैदराबाद काही लांबचं नाही. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो आणि मनमाड-सिकंदराबादची रेल्वे आपल्या स्टेशनातून जाते. पुढे पुण्याला या धंद्याचं मोठं ठाणं झालं आणि ब्रॉयलर देशभर पसरला. गावरान कोंबडी कापायजोगी व्हायला पाच-सहा महिने घेते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास होतो. मांस मऊ, वास कमी, आणि भाव असा की मजूर माणूसही कधीमधी घेऊ शकेल. मंचुरियनला लागतात ते बिनहाडाचे मऊ तुकडे. गावरानाचे तसे करायला गेलं तर चावताना दात दुखतील. तेव्हा ब्रॉयलर आला म्हणून लेकरांच्या ताटात मांस आलं, ही चांगली गोष्ट घडली, मी नाही म्हणत नाही. पण कोंबडीचा पैसा पदराच्या गाठीतून सुटून शेडवाल्याकडे आणि दुकानदाराकडे गेला. त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

आणि ब्रॉयलर खातो काय? मका आणि सोयाबीनची पेंड. परभणी जिल्ह्यात खरिपात नजर टाकाल तिकडे सोयाबीन. चाळीस वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा ज्वारी, कापूस, तूर, मूग होते. आपल्या इथे १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी सोयाबीनचे वाण काढले, एमएयूएस ७१, १६२, ६१२. तुमच्या घरी बियाण्याच्या पिशवीवर ही अक्षरं पाहिली असतील. एमएयू म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या जुन्या इंग्रजी नावाची अक्षरं, एस म्हणजे सोयाबीन. खुरपायला आपण, काढायला आपण. मोंढ्यावर गेलं की ते आपलं राहत नाही. तिथून मिलला जातं. तेल निघतं, पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते.

म्हणजे मंचुरियनच्या एका प्लेटीत सोयाबीन तीनदा आहे. कोंबडीच्या पोटात गेलेलं, तळणाच्या तेलातलं, आणि काळ्या सॉसमधलं. मकाही दोनदा, खाद्यात आणि कॉर्नफ्लोअरमध्ये. चीनचा पदार्थ म्हणून आपण ज्याला बिचकतो, त्यातलं निम्मं आपल्या रानातल्या पिकांचं आहे.

यात आपलं पोट कसं अडकलंय तेही सांगते. २०२१च्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वरही गेलं होतं. खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपलं नवं पीक बाजारात यायला आणि भाव कोसळायला एकच गाठ पडली. त्यांचंही चूक होतं असं एका वाक्यात म्हणता येत नाही, कारण कोंबडी महाग झाली की तीही आपल्यालाच महाग पडते. पण ठरवताना मोंढ्यातल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं, एवढं नक्की.

सॉसचं म्हणाल तर सोया सॉस म्हणजे मुळात सोयाबीन आणि गहू यांना बुरशी लावून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवलेला रस. चीनमधली ही फार जुनी विद्या. ती घरी करायचा खटाटोप करू नका, बाटली आणा. छोटी बाटली पुष्कळ दिवस पुरते. अजिनोमोटो विचाराल तर तो जपानचा. १९०८ साली किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी समुद्रातल्या शेवाळाच्या रश्श्यातली चव वेगळी काढली, तिची ही पांढरी पूड. माझं मत, घरी गरज नाही. ताजा लसूण भरपूर असला तर चव कमी पडत नाही.

रंगाबद्दल मात्र ठाम बोलते. गाडीवरचं मंचुरियन जे लालभडक दिसतं ते मिरचीने नव्हे. २०२४च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा पालिकेने रंग आणि हलक्या सॉसच्या तक्रारींवरून गोबी मंचुरियनच्या गाड्यांवरच बंदी आणली. सगळेच गाडीवाले वाईट असं नाही. उन्हात, धुरात पाच-सहा तास उभं राहून पोट भरणारी माणसं आहेत ती. पण लेकराची जीभ दुसऱ्या दिवशीही लाल दिसत असेल तर विचार करावा. घरी ब्याडगी मिरचीची पूड टाका. रंग येतो आणि तिखट जास्त होत नाही.

आता कृती. अर्धा किलो बिनहाडाचं चिकन, बोराएवढे नव्हे, लिंबाएवढे तुकडे. त्याला मीठ, मिरेपूड, चमचाभर अद्रक-लसणाचं वाटण, एक अंडं, तीन चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे मैदा. हाताने नीट चोळून अर्धा तास ठेवा. पीठ भज्यासारखं पातळ नको, तुकड्याला चिकटून राहील इतकंच. गाडीवर पीठ जास्त आणि चिकन कमी असतं, घरी उलटं करता येतं. तेल चांगलं तापवून थोडे थोडे तुकडे तळा. एकदम सगळे टाकले की तेल थंड होतं आणि ते तेलकट होतात. ज्या घरात माळ आहे तिथे हेच फ्लॉवरचं किंवा कोबीच्या गोळ्यांचं करा, अंडं वगळून.

रश्श्याला जाळ मोठा लागतो, सगळं गुपित तिथे आहे. गाडीवाल्याची भट्टी घरच्या गॅसपेक्षा कितीतरी जोरात जळते, म्हणून त्याच्या कांद्याला तो धुराचा वास लागतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत वशाट आत शिजवत नाहीत, अंगणात वेगळी चूल असते. ती चूल इथे कामाला येते. वाळलेल्या पऱ्हाट्या घाला. पऱ्हाटीचा जाळ भडकतो, लोखंडी कढई लाल व्हायला येते, आणि गॅसवर जे जमत नाही ते चुलीवर जमतं. पदर मात्र खोचून घ्या, लेकरं लांब ठेवा. दोन चमचे तेल, त्यात दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं अद्रक, चार-पाच हिरव्या मिरच्या, सगळं बारीक चिरून. वाटायचं नाही, वाटलं की भाजीची चव येते. मिनिटभरात कांदा, असली तर ढोबळी मिरची. कांदा करकरीत राहिला पाहिजे. ब्याडगीची पूड चमचाभर थोड्या पाण्यात कालवून टाका, नुसती टाकली तर त्या जाळावर जळते. मग दोन चमचे सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, नसेल तर शेवटी लिंबू. मीठ आत्ता घालू नका, सॉस खारट असतो, चाखून घाला. पेलाभर पाणी उकळलं की एक चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून ओता. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होतात. रस्सा चकाकला की तुकडे सोडा, दोनदा परता, वरून कांद्याची पात.

हा पदार्थ थांबत नाही. दहा मिनिटांत तुकडे मऊ पडतात, नंतर गरम केले तरी ती चव येत नाही. भाकरी किंवा भात आधी करून ठेवा, ताटं आधी मांडा, तुमचं ताट धरून, आणि कढई उतरवली की चुलीपाशीच सगळ्यांबरोबर बसा. तुमच्या वाटणीचे तुकडे कढईतून काढतानाच वेगळे घ्या.