घाट उतरणाऱ्या गाडीचा लगाम

आचऱ्याहून कोल्हापुरास जावयाचें, तर कणकवली गांठून फोंडाघाट चढावा लागतो. चढतांना कसोटी एंजिनाची. माल भरून परततांना मात्र ती ब्रेकांची.

१९५४ पासून जमशेदपुरास टेल्कोचे डिझेल ट्रक बनूं लागले आणि घाटांतील मालवाहतूक हळूहळू डिझेलवर आली. पेट्रोल-एंजिनांत ॲक्सिलरेटर सोडतांच हवेची वाट आवळली जाते व एंजिनच गाडीला आवरतें. बहुतेक जुन्या डिझेल-एंजिनांत ती वाट उघडीच राहते. म्हणून उतारावर सारा भार चाकांच्या ब्रेकांवर येतो. ते तापले, कीं पकड सुटते. १९३१ सालीं कॅलिफोर्नियांतील कहोन खिंड उतरतांना क्लेसी कमिन्स यांचा डिझेल ट्रक असाच अनावर झाला. आगगाडीशीं टक्कर थोडक्यांत चुकली. त्या अनुभवांतून जन्मलेला त्यांचा एंजिन-ब्रेक १९६१ मध्यें बाजारांत आला.

एक्झॉस्ट ब्रेक त्याहून साधा. धुराच्या नळींतील झडप मिटली, कीं कोंडलेला वायु दट्ट्यांना अडवितो व गाडी मंदावते. चाकांचे ब्रेक थंड राहतात, लायनिंग अधिक टिकतें. परंतु जुन्या पिक-अपच्या व्हाल्वांच्या स्प्रिंगा दुबळ्या असल्यास तोच दाब व्हाल्व उघडतो. शिवाय ही अडवणूक एंजिनाला जोडलेल्या मागच्या चाकांनाच मिळते. पावसाळ्यांत रिकामी गाडी त्यामुळें घसरूं शकते. खालच्या गिअरशिवाय तिचा जोर अल्प, आणि गाडी पूर्ण थांबविणें तिच्या आवाक्याबाहेर.

म्हणून झडप बसविण्यापूर्वीं एंजिन तपासावें. आणि बसविल्यावरहि चाकांचे ब्रेक असे राखावे, कीं जणूं ती झडप नाहींच.