मुरूड ते सातारा : एका विद्यार्थ्याची पायपीट

स्मरणिकेसाठी काही इतिहासाचे लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, त्याच संध्याकाळी शेजारची नववीतली मुलगी आमच्या ओट्यावर येऊन बसली. "काकू, मी उद्यापासून शाळेत जाणार नाही," एवढेच बोलली आणि रडू लागली. गणित चुकले म्हणून तिला साऱ्या वर्गासमोर उभे करून हसण्यावारी नेले होते. तिची समजूत घालता घालता मला आठवले ते महर्षी अण्णासाहेब कर्वे.

सन १८७५. दापोली तालुक्यातील मुरूडचा धोंडू तेव्हा सतरा वर्षांचा होता. मराठी सहावीची सरकारी परीक्षा दिली की नोकरीची वाट मोकळी होत असे. परीक्षेचे ठिकाण सातारा, दिवस पावसाळ्याचे, समुद्रमार्ग बंद. धोंडू आपल्या सोबत्यांबरोबर पायी निघाला. शंभरावर मैलांची वाट, मध्ये सह्याद्री उभा, अंगावर पाऊस आणि पाठीवर ओझे! चार दिवसांत मंडळी साताऱ्यास पोहोचली. परीक्षकांपुढे उभा राहिला तेव्हा त्यांनी त्या किडकिडीत पोराला न्याहाळले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परत पाठविले. वयाचा दाखला जवळ होता, त्याचा उपयोग झाला नाही. वय पुरे भरले होते. अंगकाठी तेवढी नव्हती.

भगिनींनो, ही गोष्ट आपण मुलांना जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. मला मात्र ते पुरते पटत नाही. अपमानाने माणसे मोठी होतात असे असते, तर गावोगाव महर्षी झाले असते. त्या काळी अशा दारांवरून किती मुले परत फिरली आणि पुन्हा कधी पुस्तकाकडे वळली नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

धोंडू वळला, याचे कारण माझ्या मते मुरूडात होते. तेथे विनायक लक्ष्मण सोमण हे शिक्षक होते. पाठ्यपुस्तकाबाहेरही जग आहे, गावाचे काम हे आपले काम आहे, ही गोडी त्यांनीच लावली, असे अण्णांनी आत्मचरित्रात कृतज्ञतेने नमूद केले आहे. साताऱ्याच्या परीक्षकाने त्या मुलाला क्षणभर पाहिले होते; सोमण मास्तर त्याला वर्षानुवर्षे पाहत होते. मुलाने विश्वास ठेवला तो मास्तरांवर. पुढे कोल्हापुरास जाऊन तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. मॅट्रिक व्हायला मात्र १८८१ उजाडले, म्हणजे वयाची तेवीस वर्षे झाली!

पुढे अण्णा स्वतः गणिताचे शिक्षक झाले. मुर्डीच्या रघुनाथ परांजपे या नात्यातल्या मुलाला त्यांनी शिक्षणासाठी मुंबईस आपल्या घरी ठेवून घेतले. तोच १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला. १८९६ मध्ये अण्णांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. तेव्हा शहरापासून तेथवर ते चिखल तुडवीत पायी जात. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. त्या संस्थांत आलेल्या कितीतरी बायकांनी वयाची पंचविशी उलटल्यावर पाटी हाती धरली होती. त्यांना कोणी अजून लहान दिसता किंवा आता थोर झालात, असे म्हणून परत पाठविले नाही.

आता थोडे स्वतःविषयी, पाल्हाळ होईल तरी. मीही नववीतच होते. आमच्या मास्तरांनी माझी वही उचलून वर्गाला दाखविली आणि "हिला पोळ्या मोजता आल्या की झाले," असे म्हटले. सारा वर्ग हसला, मीही हसले. मी गणित सोडले. मंडळाचे खजिनदारपद दोनदा चालून आले, दोनदा नाकारले. प्रकृतीचे निमित्त सांगितले, ते खरे नव्हते हे आज येथे कबूल करते. आमच्या भूगोलाच्या बाई नसत्या, तर शाळाही सुटली असती. नकाशात कोकण भरताना त्या माझ्या बाकाशी थांबत व "रंग छान भरतेस गं," म्हणत. एवढेच. त्यांच्यासाठी मी अकरावीपर्यंत गेले.

शेजारच्या मुलीला मी यांतले बरेचसे सांगितले. तिने डोळे पुसून एकच विचारले, "काकू, मग तुम्ही गणित पुन्हा केलेच नाही?"

मंडळाच्या खोलीत आता आम्ही दोघी शनिवारी संध्याकाळी बसतो. तिची वही असते आणि मंडळाचे जमाखर्चाचे पुस्तक. मागच्या शनिवारी बेरीज सात रुपयांनी चुकत होती, ती तिनेच शोधून दिली.